सकुबाईच्या कुंपणातला सिक्स

काजळपाड्यात सकुबाईच्या अंगणात बॉल पडला की सगळं ग्राउंड गप्प व्हायचं. फिल्डर जागच्या जागी थांबायचे, बॅट्समन बॅट टेकून मान खाली घालायचा, आणि शेणव्याच्या रस्त्यानं जाणारा बाइकवालासुद्धा गाडी हळू करायचा. पुढं काय होणार ते सगळ्यांना पाठ होतं. आधी अंगणातली कोंबडी ओरडायची आणि मग सकुबाई.

"मेल्यांनो, तुमच्या हातांना काय झालंय? एवढा मोकळा माळ पडलाय, आन् माझ्याच फेण्या दिसतात तुमाला?"

एवढं बोलून ती बॉल उचलायची, पदराला स्वच्छ पुसायची आणि घरात नेऊन भाताच्या कणगीत टाकायची. जप्त करायच्या वस्तूला पुसायची कशाला, ते तिलाच ठाऊक. पण कणगीत गेलेला बॉल परत आलेला चार वर्षांत कोणी पाहिला नव्हता. वाघोबा क्रिकेट संघाची पोरं तर म्हणायची की काकीच्या कणगीत भात कमी आणि टेनिस बॉल जास्त.

फेण्यांचं म्हणाल तर सकुबाईचं चुकत नव्हतं. तांदूळ तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, एकेक फेणी ताटलीत पातळ पसरून वाफवायची, अलगद सोडवून खाटेवर उन्हात घालायची. मग आकाशातून बॉल येणार आणि मधोमध भोक पाडून जाणार. कोणाचंही डोकं फिरेल. पण खरं सांगायचं तर फेण्यांचं दुःख वरवरचं होतं. खरं दुखणं होतं कुंपणाचं, आणि ते सकुबाई मेली असती तरी कोणापुढं बोलली नसती.

त्याचं असं की आपल्याकडं अंगणाचं कुंपण म्हणजे करवंदीच्या काट्या. पावसाळ्याआधी जुन्या कुजक्या काट्या काढायच्या आणि नव्या रोवायच्या. आता कुंपण नवं घालताना माणूस काय टेप घेऊन बसतो का? थोडं इकडं तिकडं होतंच. सकुबाईचं मात्र दर वर्षी तिकडंच व्हायचं. तिकडं म्हणजे शेजारच्या राघोच्या शेतात. एका वर्षी वीतभर, दुसऱ्या वर्षी दीड वीत, असं करत सहा वर्षांत कुंपण चांगलं चार हात पुढं चालून गेलं होतं. त्या चार हातांच्या पट्टीत तिनं शेवगा लावला होता, तो आता कौलांच्या वर गेला होता. फेण्यांची खाटसुद्धा तिथंच, कारण दिवसभराचं ऊन तिथंच. आणि मोजणीवाल्यांनी रोवलेला हद्दीचा दगड? तो बिचारा कुंपणाच्या आत, चार हात मागं राहिला होता. त्याच्यावर सकुबाईनं गोवऱ्यांचा ढीग रचला होता. चुलीत गोवऱ्या जळायच्या, पण ढीग काही कधी कमी व्हायचा नाही.

तिचा नवरा धाकलू एकदाच त्यावर बोलला होता. "अगो, दगड आपल्या अंगणात आलाय."

"दगड कुठं आला? दगड हाय तिथंच हाय," सकुबाई म्हणाली. ते खरंच होतं, म्हणून धाकलू पुन्हा बोलला नाही. तसाही तो लग्नापासून फारसा बोललेला नव्हता.

आता हा राघो. साठीचा, मवाळ, आवाज चढवलेला कोणी ऐकला नाही असा माणूस. भात कापून झाला की तो त्या शेतात वाल पेरायचा. चार वर्षांपूर्वी त्यानं एकाएकी वाल बंद केला आणि शेत पोरांना क्रिकेटला देऊन टाकलं. "खेळू दे पोरांना," एवढंच बोलला. गावानं त्याला देवमाणूस ठरवलं. आणि तेव्हापासून हा देवमाणूस प्रत्येक मॅचला प्लास्टिकची खुर्ची घेऊन यायचा आणि नेमका सकुबाईच्या कुंपणाजवळच्या ऐनाच्या झाडाखाली बसायचा. सकुबाई फटीतून त्याच्यावर डोळा ठेवायची. हा मॅच बघतो की माझं कुंपण मोजतो? क्रिकेट बंद झालं तर राघोचं येणं बंद होईल, आणि चार हात सुखात राहतील, हा तिचा हिशोब. त्यासाठी तिचा रोजचा आरडाओरडा.

यंदा मार्च महिन्यात एक बॉल थेट पिठाच्या पातेल्यात पडला. सकुबाई नखशिखांत पांढरी झाली. तशीच ती पिचवर चालत गेली आणि कॅप्टन प्रज्वलच्या हातातून बॅट काढून घेऊन आली. मग मात्र मारुतीच्या देवळात बैठक बसवावी लागली.

"एक तर क्रिकेट ऱ्हाईल नायतर मी," सकुबाईनं सुरुवातच अशी केली. समोर संघाच्या पोरांत तिचा स्वतःचा मुलगा स्वरूप बसला होता. तो आटगावला कारखान्यात कामाला, सुट्टीच्या दिवशी बॉलिंग टाकायचा. त्यानं आईकडं बघायचं टाळलं.

प्रज्वल हुशार पोरगा. तो म्हणाला, "काकी, बॉल बाहेर गेला की सिक्स मिळते म्हणून पोरं मारतात ना? आपण उलटा नियम करू. तुमच्या जागेत बॉल पडला की बॅट्समन आऊट. मग कोण मारतोय तिकडं?"

सगळ्यांना पटलं. कागद केला. चुन्याच्या रेषेपलीकडं पडला तर सिक्स, पण सकुबाई धाकलू यांच्या जागेत पडला तर फलंदाज बाद. सकुबाईनं सही केली, आणि खाली ग्राउंडचा मालक म्हणून राघोनंही केली. तेव्हा कुठं सकुबाईच्या मनात लाडू फुटले. कुंपणाच्या आतली ती माझी जागा, आणि खाली राघोची सही! क्रिकेट बंद नाही झालं तर नाही झालं, चार हात तर कागदावर चढले. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं धाकलूला न मागता दुसरा चहा दिला. धाकलू घाबरलाच.

नियम छान होता, फक्त एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. कुंपण पुरुषभर उंच आणि दाट. बॉल त्याच्या अलीकडं पडला की पलीकडं, ते अंपायरला दिसणार कसं? पहिल्याच मॅचला त्यावरून कॉलर धरण्यापर्यंत गेलं. आत काय झालं ते दिसणारं माणूस एकच होतं. मग पोरांनी सकुबाईलाच दोन झेंडे आणून दिले. लाल म्हणजे आऊट, हिरवा म्हणजे सिक्स. म्हातारीचं तोंड बंद ठेवायची ही स्वस्त युक्ती आहे, असं पोरांना वाटलं. युक्ती त्यांच्यावरच उलटली.

कारण माइकवर कॉमेंट्री करायला होता शाम. शामच्या तोंडाला लगाम नाही, आणि त्याचे कर्णे पार रेल्वेच्या रुळापर्यंत ऐकू जातात. "आणि निर्णय गेलेला आहे थर्ड अंपायर सकुबाई यांच्याकडे! संपूर्ण मैदानाचं लक्ष सकुबाईंकडे!" असं तो ओरडला आणि सकुबाईचं नाव जन्मात पहिल्यांदा कर्ण्यातून घुमलं. पुढच्या मॅचला ती लग्नातली साडी नेसून खुर्चीवर बसली. त्याच्या पुढच्या मॅचला तिनं स्वयंपाक सकाळी आठला उरकला. बॉल कणगीत जायचे बंद झाले. झेंडा दाखवून झाला की ती स्वतः बॉल कुंपणावरून परत फेकायची, आणि फेकायची पण झकास.

आणि एक मान्य करायला पाहिजे, झेंडा तिनं कधी खोटा दाखवला नाही. प्रज्वल एकोणपन्नासवर असताना त्याला लाल दाखवला. गावाबाहेरच्या टीमला दोनदा हिरवा दाखवला. पोरं चिडली, तर म्हणाली, "मी काय तुमच्यासारखी हाय? पडला तसा सांगणार!" लांबच्या गावांतून लोक फक्त सकुबाईचा झेंडा बघायला यायला लागले. तिची मान अशी ताठ झाली की डोक्यावरचा हंडा पाण्यासकट न धरता विहिरीवरून आणायची.

एप्रिलमध्ये फायनल झाली. समोर मुरबाडकडचे सिद्धगड फायटर्स, एकाहून एक दांडगे. शेवटच्या बॉलला काजळपाड्याला पाच रन पाहिजे होते, हातात एकच विकेट होती आणि बॅटिंगला उभा होता स्वरूप. बॉलर माणूस. त्यानं आयुष्यात सिक्स मारली नव्हती. एकदा फोर गेली होती, ती पण बॅटच्या मागच्या बाजूला लागून.

"स्वरूप धाकलू स्ट्राइकवर, आणि त्यांच्या मातोश्री अंपायरच्या खुर्चीत!" शाम कर्ण्यातून बोंबलला. "आई बघतेय स्वरूपभाऊ, मारा!"

स्वरूपनं डोळे मिटले आणि घुमवली. बॉल उडाला. एवढा वर गेला की खालची सगळी तोंडं उघडी पडली. चुन्याची रेषा मागं टाकली, ऐन मागं टाकला, राघोची खुर्ची मागं टाकली, आणि शेवग्याच्या फांद्यांतून खडखडत तो खाली आला. कुंपणाच्या आत. खाटेवर. तीन फेण्या गेल्या.

बाहेरून कोणाला काही दिसलं नाही. दिसलं फक्त सकुबाईला, आणि ओट्यावर बसलेल्या धाकलूला. धाकलूनं खाटेकडं पाहिलं, मग गोवऱ्यांच्या ढिगाकडं पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं आणि शेवटी आभाळाकडं बघत बसला.

सकुबाईचा हात सवयीनं लाल झेंड्याकडं गेला आणि थांबला. लाल दाखवला की झालं. दोन तालुक्यांदेखत, कर्ण्यातून जाहीर होणार की बॉल सकुबाईच्या जागेत पडला. खाली राघोची सही आहेच. चार हात, शेवग्यासकट, कायमचे आपले. सहा वर्षांची मेहनत!

पण कुंपणाच्या फटीतून तिला स्वरूप दिसला. पोरगं पिचवर गुडघे टेकून बसलं होतं. लहानपणी ताप आला की बघायचं तसं या बाजूला बघत होतं. आणि दुसरी गोष्ट अशी की बॉल तिच्या जागेत पडलाच नव्हता. तो पडला होता कुंपणाच्या आत, पण दगडाच्या पलीकडं. जागा कुठं संपते ते तिला पक्कं माहीत होतं, आणि झेंडे हातात आल्यापासून त्या पट्टीत बॉल पडला तो आज पहिल्यांदाच. आजवर झेंडा कधी खोटा दाखवला नाही, आणि आज पोटच्या पोराला खोटं आऊट करायचं? चार हातांसाठी? हिरवा दाखवू, कोण आत येऊन बघतंय, असं म्हणत तिनं झेंडा उचलला.

हिरवा.

काजळपाडा नुसता पेटला. ढोल वाजले, स्वरूपला पोरांनी खांद्यावर घेतला, शामच्या तोंडून शब्द फुटेनात, नुसता कर्कश आवाज येत राहिला. आणि या गडबडीत सिद्धगड फायटर्सचा कॅप्टन ऋतिक फाटक उघडून थेट अंगणात घुसला. बॉल खाटेवर तसाच होता. चार वर्षं ही बाई दुसरं काय करत होती, तर बॉल उचलत होती. आणि नेमकी आजच विसरली!

"गुरुजी, हिकडे या!" ऋतिक ओरडला. "बॉल आत हाय! फेण्यांत पडलाय! बाई खोटं बोलते. पोरगा तिचाच हाय ना, दाखवणारच हिरवा!"

अंपायर गुरुजी आले. त्यांच्यामागून दोन्ही टीम आल्या, अर्धा गाव आला, बिनवायरचा माइक घेऊन शाम आला. सगळे फेण्यांतल्या बॉलकडं बघायला लागले. काजळपाड्याचे ढोल एकेक करून बंद पडले. प्रज्वलनं मान खाली घातली.

"काकी," गुरुजी हळू म्हणाले, "बॉल तर आत आहे."

"खोटारडी!" मागून कोणीतरी म्हणालं.

बस्स. सकुबाईला काहीही म्हणा, भांडखोर म्हणा, तोंडाळ म्हणा, ती मनावर घ्यायची नाही. पण झेंड्याच्या बाबतीत खोटारडी? तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं पदर खोचला.

"कोण रे तो? पुढे ये! खोटी मी? मी खोटी?" ती गोवऱ्यांच्या ढिगाकडं गेली आणि तिनं अशी लाथ घातली की गोवऱ्या गुरुजींच्या पायांपर्यंत उडाल्या. "ह्यो बघा! ह्यो बघा दगड! मोजणीचा हाय, नंबर पण हाय त्याच्यावर. हितपर्यंत माझी जागा. ह्याच्या पल्याड राघोभावजींची. बॉल पल्याड पडलाय. मग सिक्स नाय तर काय?"

ऋतिक गोंधळला. "पण कुंपण तर तिकडे हाय!"

"कुंपणाचं काय सांगतो? कुंपण मी पुढं घेतलंय! सहा वर्षं घेते! जागा माझी नाय ती, कितीदा सांगू?"

तेवढ्यात शामचा आवाज कर्ण्यातून सगळ्या पंचक्रोशीत गेला. "मंडळी, सकुबाईंनी स्वतः जाहीर केलेलं आहे की गेली सहा वर्षं त्यांनी राघोकाकांची जमीन..."

"गप रे शाम्या!" सकुबाई किंचाळली, आणि तेही कर्ण्यातून गेलं.

मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोलून बसलो ते. ती खाटेच्या कडेवर बसली, आणखी दोन फेण्या मोडल्या. ओट्यावर धाकलूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. तो रडत होता की हसत होता ते शेवटपर्यंत कळलं नाही.

गुरुजींनी खिशातून नियमांचा कागद काढला, चष्मा लावला, वाचला, पुन्हा वाचला. मग त्यांनी गर्दीत मागं उभ्या असलेल्या राघोला बोलावलं. "राघोबा, दगड तुमच्यासमोर आहे. बॉल पडला ती जागा कोणाची?"

राघो सावकाश आला. वाकला, दगडावरची धूळ हातानं झटकली, नंबर बघितला.

"माझी," तो म्हणाला.

"सिक्स!" गुरुजींनी दोन्ही हात वर केले. काजळपाड्याचे ढोल पुन्हा सुरू झाले आणि गर्दी स्वरूपला उचलून ग्राउंडवर पळाली.

अंगणात राहिले राघो, सकुबाई आणि ओट्यावर धाकलू. प्रज्वल निकालाच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्यायला थांबला होता.

"वयनी, मला ठाऊक होतं," राघो म्हणाला. "पहिल्या वर्षापासून."

सकुबाईनं मान वर केली. "मग बोलला का नाय?"

"तुमच्याशी भांडू? माझी काय टाप हाय? तुमी तोंड उघडलं की मला घरी जायची वाट सापडत नाय." राघो शेवग्याला टेकला. "मग डोकं चालवलं. वाल बंद केला आन् शेत पोरांना दिलं. पिच अशी आखून दिली की बॉल हिकडेच यावा. म्हटलं रोज फेण्या फुटल्या की वयनी कंटाळून कुंपण मागं घेतील. एक वर्ष लागेल वाटलं होतं. चार लागली."

सकुबाई बघतच राहिली. चार वर्षांतले सगळे बॉल, सगळी फुटलेली कौलं, पिठानं भरलेलं अंग, ते सगळं या मवाळ माणसानं केलं होतं! आणि गाव त्याला देवमाणूस म्हणत होतं!

"शेंगा तुमीच काढा, झाड तुमी वाढवलंय," राघो पुढं म्हणाला. "कुंपण तेवढं पावसाआधी दगडावर आणा. झालं माझं काम. यंदा भात कापला की परत वाल पेरतो."

"वाल?" प्रज्वलच्या हातातला कागद खाली पडला. "आन् ग्राउंड, काका?"

"चार वर्षं खेळलात ना? बस झालं."

प्रज्वल मटकन दगडावरच बसला. बाहेर पोरं स्वरूपला नाचवत होती, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. सकुबाईनं तिकडं पाहिलं. मग आपल्या खुर्चीकडं पाहिलं, खुर्चीवरच्या दोन झेंड्यांकडं पाहिलं. ती उठली आणि घरात गेली. कणगीचं झाकण पडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा डोक्यावर मोठी टोपली होती. ती तिनं प्रज्वलच्या पुढ्यात उपडी केली. पिवळे, हिरवे, भाताचं तूस चिकटलेले बॉल अंगणभर पळाले, एक राघोच्या पायाशी जाऊन थांबला.

"घे रे, पुढच्या वर्षाला होतील," ती प्रज्वलला म्हणाली. मग राघोकडं वळली, कमरेवर हात ठेवून. आवाज तोच जुना, कोंबड्या पळवणारा. "आन् भावजी, तुमची जागा तुमाला दिली. दोन तालुक्यांसमोर दिली. कुंपण उद्याच दगडावर आणते. पण तुमी हितं वाल पेरलात ना, तर माझं कुंपण परत चालायला लागल. सांगून ठेवते!"

राघोनं तिच्याकडं पाहिलं, कुंपणाकडं पाहिलं, खाली वाकून पायाजवळचा बॉल उचलला आणि प्रज्वलकडं टाकला. वालाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.